दोन वर्षांची डिग्री आणि समोरच्या खोलीतलं ऑफिस

मैत्रिणींनो, यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या गल्लीत एक प्रश्न निघाला आणि तो थेट माझ्या पदरात येऊन पडला. शेजारच्या काकूंच्या मुलाचं आर्किटेक्चर नुकतंच पुरं झालं. आता तो म्हणतो, दोन वर्षं कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंट करतो आणि मग स्वतःचं ऑफिस काढतो. त्यासाठी काकूंना ठेव मोडावी लागणार. "तुमच्या नणंदेनं केलंय ना ते? मग तुम्हीच सांगा, ऑफिस काढायला त्याचा उपयोग होतो का?" पंधरा-वीस बायका हातात तिळगूळ घेऊन माझ्याकडे बघायला लागल्या. हो म्हणावं तर काकूंची ठेव मोडते, नाही म्हणावं तर पोराचं मन मोडतं. मी म्हटलं, "काकू, हे उभ्याउभ्या सांगण्यासारखं नाही." म्हणून आज बसून लिहिते आहे.

मी काही त्यातली जाणकार नव्हे. मराठी घेऊन बी.ए. झाले, सकाळच्या शाळेत अर्धवेळ शिकवते, दुपारी घर. पण नणंदेचं ऑफिस निघाल्यापासून त्याचा जमाखर्च मी लिहिते. चित्रं तिची, वही माझी. (तिचं नाव मुद्दामच लिहीत नाही. सांगली एवढीशी, आणि पुढं जे सांगायचं आहे त्यातली माणसं रोज समोर येतात.)

२०१७ साली या डिग्रीवरून आमच्या घरात आठ दिवस जेवणं गप्प गप्प झाली. नणंद २०१४ ला बी.आर्क. होऊन पुण्यात एका आर्किटेक्टकडे अठरा हजारांवर नोकरी करत होती. तिची तक्रार एकच. साइटवर गेलं की मुकादम "हो मॅडम, हो मॅडम" करायचा आणि मॅडमची पाठ वळली की आपलंच खरं करायचा. भाव, माप, बिलं यातलं हिला काही बोलता येत नाही हे त्याला ठाऊक असायचं. तिच्या मनानं घेतलं, की आपण मॅनेजमेंट शिकलो तर साइट आपलं ऐकेल आणि मग आपलं ऑफिस काढता येईल.

फी, वसतिगृह, सगळं धरून साडेनऊ लाखांचा अंदाज होता. सासऱ्यांनी लग्नासाठी म्हणून बाजूला ठेवलेले पैसे तेवढेच. सासूबाईंचं म्हणणं, आधी लग्न, मग काय शिकायचं ते सासरी जाऊन शीक. हे म्हणाले, "पाच वर्षं शिकली, वर आणखी दोन? एवढ्यात डॉक्टर झाली असती." शेवटी अर्धे कर्जानं, थोडे सासऱ्यांनी, आणि एक लाख वीस हजार मी दिले. सहा वर्षांच्या मानधनातून साठवलेली माझी ठेव होती ती. मला एम.ए. करायचं होतं ते राहून गेलं, त्याचाही त्यात वाटा असेल. असो.

ती काय शिकते हे मला पहिल्यांदा कळलं ते होळीला. सुट्टीला आली होती, पुरणपोळीचा घाट चालला होता आणि ही ओट्याशी कागद घेऊन उभी. डाळ शिजायला किती वेळ, निथळायला किती, पुरण आटायला, वाटायला किती, कणीक मुरायला किती, सगळं लिहून घेतलं. मग म्हणते, "वहिनी, कणीक अर्धा तास उशिरा भिजवलीत तरी पंगत वेळेवर बसेल. कुरडया मागाहून तळल्या तरी चालेल. पण डाळ अर्धा तास उशिरा लावलीत की पंगत अर्धा तास उशिरा. डाळ, पुरण, पोळी हा जो रस्ता आहे ना, त्याला आम्ही क्रिटिकल पाथ म्हणतो." १९५७ च्या सुमारास अमेरिकेत ड्यूपाँट आणि रेमिंग्टन रँड या दोन कंपन्यांनी ही रीत बसवली, म्हणे. सासूबाई पुरण घोटता घोटता म्हणाल्या, "हे शिकायला साडेनऊ लाख?"

हसू नका. इमारतीचं खरोखर असंच असतं. स्लॅब भरण्याआधी त्यात विजेच्या नळ्या टाकायच्या असतात, म्हणजे पंखा कुठं, दिवा कुठं हे त्याच्याही आधी ठरायला हवं. आणि आपण बायका पंख्याची जागा ठरवतो केव्हा? घराला रंग लागताना! मग फोडाफोडी, आणि तिचे पैसे पुन्हा आपल्याच खिशातून. वेळेचा हिशेब, मालाचा हिशेब, ठेकेदाराशी करार, बिलं तपासणं, साइटवरची सुरक्षितता, असं सगळं त्या दोन वर्षांत होतं. शिक्षण चांगलं होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

पण स्वतःचं ऑफिस काढायला कायद्यानं यातलं काहीच लागत नाही, हे आम्हाला मागाहून कळलं. १९७२ च्या आर्किटेक्ट्स ॲक्टप्रमाणे कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नाव नोंदलेलं असलं की झालं, आणि ते तिनं बी.आर्क. झाल्या झाल्या केलेलं होतं. म्हणजे २०१४ सालीच दारावर पाटी लावता आली असती! मी हे बोलून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "पाटी लावली असती वहिनी, पण पाटीखाली बसून खाल्लं काय असतं?"

ते मात्र खरं. डिग्रीचा सगळ्यात मोठा उपयोग झाला तो इथं, आणि तो कोणी मनात धरलेला नव्हता. २०१९ ला डिग्री हाती आल्यावर तिला पुण्यातच, दुसऱ्यांच्या इमारतींची कामं सांभाळून देणाऱ्या एका कंपनीत नोकरी लागली. पगार अठ्ठेचाळीस हजार. दोन-अडीच वर्षं ती एका खोलीत दोघींबरोबर राहिली. कर्ज फेडलं, माझे एक लाख वीस हजार व्याजासकट परत केले (मी नको म्हटलं, तिनं ऐकलं नाही), आणि ऑफिससाठी चार लाख साठवले. २०२१ ला लग्न झालं, सासर मिरजेचं. २०२२ च्या पाडव्याला आमच्या समोरच्या खोलीत तिचं ऑफिस सुरू झालं.

पहिल्या वर्षाची वही माझ्यासमोर आहे. जमा दोन लाख पस्तीस हजार. त्यात एक कंपाऊंड भिंत, दोन स्वयंपाकघरं, एका दवाखान्याची आतली मांडणी आणि एक बंगला. खर्चात ड्रॉइंग करणाऱ्या मुलाचा पगारच एक लाख चव्वेचाळीस हजार. कॉम्प्युटर, प्रिंटा, पेट्रोल वेगळं. खोलीला भाडं नव्हतं म्हणून बरं. ते चार लाख नसते तर दिवाळीच्या आतच पाटी काढावी लागली असती. आणि त्या वर्षात आलेल्या एकाही माणसानं तिची दुसरी डिग्री विचारली नाही. २०१९ च्या महापुरानंतर सांगलीत घर बांधणारा माणूस आधी जोत्याची उंची विचारतो. मग विचारतो, "तुम्ही कुणाच्या?" नगररचनेची फाइल कशी करायची हेही त्या डिग्रीनं शिकवलं नव्हतं. डिसेंबर २०२० पासून राज्यातल्या बहुतेक शहरांना बांधकामाची एकच नियमावली लागू झाली, ती तिनं घरी बसून, पेन्सिलीनं खुणा करत वाचली.

आता त्या बंगल्याचं सांगते. मालक सासऱ्यांचे मित्र, रोज सकाळी बरोबर फिरायला जाणारे. ठेकेदारानं लोखंडाचं बिल लावलं सात टन चारशे किलोचं. नणंदेनं वही काढली. प्रत्येक कॉलम, प्रत्येक बीम भरण्याआधी तिनं सळया मोजून फिटरची सही घेतलेली होती. सळईच्या जाडीचा मिलिमीटरमधला आकडा घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, १६२ नं भागायचं, की एका मीटरचं वजन किलोत येतं. बारा मिलिमीटरची सळई म्हणजे मीटरला ८८९ ग्रॅम. हा हिशेब कुठल्याही सुपरवायझरला पाठ असतो, त्याला डिग्री लागत नाही. पण काँक्रीट पडायच्या आधी मोजून सही घ्यायची शिस्त तिला तिकडं लागली. तुकडे, जोड सगळं धरून सहा टन तीनशेच भरलं. अकराशे किलोचा फरक, पासष्ट हजार रुपये टनाच्या भावानं एकाहत्तर हजार पाचशे रुपये. ठेकेदार चरफडला, पण बिल उतरवलं. त्या दिवसापासून मुकादम पाठीमागंही "मॅडम" म्हणायला लागला.

आणि मैत्रिणींनो, त्याच मालकांनी तिच्या फीचे सत्तर हजार ठेवून घेतले!

ठरली होती एक लाख साठ हजार, तोंडी. नव्वद आले. बाकीचं विचारलं की, "बाळ, तू घरचीच. देतो गं." वास्तुशांत झाली, श्रीखंड-पुरी झाली, बाकी काही हलेना. मी तिला म्हटलं, "अगं, करार हा तुझा अख्खा विषय होता ना? कौन्सिलनंही फी टप्प्याटप्प्यानं कशी घ्यायची ते छापून ठेवलंय. मग कागद का केला नाहीस?" ती खाली बघून म्हणाली, "वहिनी, तिथं समोर कंपनी असते. बाबांचे मित्र नसतात."

शेवटी मीच गेले, जमाखर्चाची वही पिशवीत घालून. इतकं अवघड मला शाळेच्या इन्स्पेक्शनलाही वाटलं नव्हतं. काकूंनी पोहे पुढं केले. मी तारखांचा कागद टीपॉयवर ठेवला. काका सांधेदुखीचं बोलायला लागले. मी पोहे खाल्ले, पण कागद उचलला नाही. एवढ्यात काकू आतूनच म्हणाल्या, "अहो, त्या पोरीनं लोखंडाचे वाचवलेत तेवढे तरी द्या." त्यांनी चाळीस हजारांचा चेक लिहिला. उरलेले तीस आजतागायत आले नाहीत. सासऱ्यांनी चार महिने फिरायला जायचा रस्ता बदलला, आणि हे सगळं मी न विचारता केलं म्हणून ते माझ्यावरही थोडे रुसले.

त्यानंतर कराराच्या कागदावर सही झाल्याशिवाय ती कागदावर रेघ ओढत नाही. सासूबाईंच्या सख्ख्या भावाकडूनही सही घेतली. मामांना राग आला, पण सही केली.

२०२३ पासून एका बिल्डरचं काम आहे. रेरा कायद्याप्रमाणे फ्लॅट घेणाऱ्यांच्या पैशातले सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात आणि काम किती झालं याचे आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि सीए यांचे दाखले दिल्याशिवाय त्यातून काढता येत नाहीत. त्या बिल्डरला नुसता दाखला नको होता. साइटचं वेळापत्रक आणि बिलं सांभाळणारंही कुणीतरी हवं होतं. हे काम मात्र तिला डिग्रीमुळंच मिळालं, आणि त्याचे पैसे महिन्याच्या महिन्याला येतात. मुलाचा पगार आता त्यातून निघतो, बंगल्यांच्या फीची वाट बघत बसावं लागत नाही.

तेव्हा काकू, मुलाला एवढंच विचारा, की ऑफिस काढून त्याला करायचं काय आहे? नुसती घरं काढायची असतील तर दोन वर्षं आणि दहा लाख कशाला? दुसऱ्यांची कामं सांभाळून द्यायची असतील, किंवा ठेकाही आपणच घ्यायचा असेल, तर जाऊ दे त्याला. पण परत आल्यावर दोन वर्षं नोकरी करायची तयारी आहे का, तेही विचारा. नुकता पास झालेला मुलगा लगेच त्या वर्गात बसला तर त्याला कळणार तरी किती, अशी मला शंकाच आहे. आमची तीन वर्षं साइटवर हात पोळून गेली होती.

नणंदेला हे वाचून दाखवलं. तिनं लोखंडाचा आकडा तपासला, फिटरच्या सहीचा भाग तिला आवडला, आणि म्हणाली, "त्याला सोमवारी पाठवा. सहा महिने आपल्या साइटवर बिलं लिहू दे. पाच हजार देईन." तो सोमवारी सकाळी सायकलवरून आला. डोक्याला हेल्मेट नव्हतं म्हणून तिनं त्याला फाटकातूनच परत पाठवलं. मंगळवारी हेल्मेट घालून आला आहे. काकू, तूर्त ठेव मोडू नका.