आखणीवाला थांबला की...

गेल्या जुलैत हमरापूरला काकांकडे गेलो होतो. गणपतीच्या आधीचे दिवस, कारखान्यात पाय ठेवायला जागा नाही. काका मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करत होते. मध्येच ब्रश थांबला. काळा रंग संपला होता. ते काहीच बोलले नाहीत, पण दादाने त्यांना नुसतं बसलेलं पाहिलं आणि लगेच पोराला पेणला पिटाळलं. थांबणं हाच निरोप!

मला एकदम कॉलेजातला ई. कोलाय आठवला. (हसू नका, मायक्रोबायोलॉजीवाल्यांचं असंच असतं.) ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल बनवायला या जिवाणूकडे ओळीने पाच जनुकं आहेत. त्यांच्या आधी 14 अमिनो आम्लांचा एक चिमुकला मजकूर असतो आणि त्यात ट्रिप्टोफॅन लागोपाठ दोनदा येतं. ते भरपूर असलं तर रायबोसोम सरळ वाचत जातो, आरएनएची घडी अशी पडते की पुढची नक्कल तिथेच थांबते. ते नसलं तर रायबोसोम अडकतो, घडी बदलते आणि पाचही जनुकं कामाला लागतात. स्टॅनफर्डच्या चार्ल्स यानोफ्स्की यांनी 1970 च्या दशकात हे उलगडून दाखवलं.

रात्री काकांना खोकल्याची ढास लागली. उशाखालून पाकीट काढत म्हणाले, "मागच्या वेळच्या दोन गोळ्या उरल्यात, त्याच घेतो."

एरिथ्रोमायसिन! माझ्या पोटात गोळा आला. काही स्टॅफिलोकोकस जिवाणू हाच खेळ या औषधाविरुद्ध खेळतात. थोडंसं औषध आलं की रायबोसोम छोट्या मजकुरावर अडकतो, त्यामुळे पुढच्या जनुकावरची घडी उलगडते. त्यातून बनणारं एन्झाइम नव्या रायबोसोमवर अशी खूण करतं की औषध नीट चिकटतच नाही.

काकांना एवढं कुठे सांगणार? म्हटलं, "काका, तुमचा हात थांबला आणि दादाला कळलं ना, तसं या दोन गोळ्यांनी जंतूंना नुसतं कळेल. मरणार नाहीत."

"लय शहाणा झालास," म्हणाले. पण गोळ्या घेतल्या नाहीत.

सकाळी डॉक्टरांकडे नेलं. मूर्ती घासताना उडणाऱ्या धुळीचा खोकला निघाला, अँटिबायोटिकची गरजच नव्हती. तोंडाला फडकं बांधा म्हणाले. काकांनी दोन दिवस बांधलं, तिसऱ्या दिवशी त्याने ब्रश पुसत होते!

असो. घरच्यांनो, वाचताय ना? आपापल्या उशाखाली एकदा बघा.