कळसूबाईची उतरण आणि आपले बूट

कळसूबाई म्हणजे आपल्या महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर. घोटीहून भंडारदऱ्याकडे जाताना बारी नावाचे गाव लागते, तिथून चढायला सुरुवात करायची. आधी भातखाचरे, मग झाडी, मग उघडा कातळ आणि अवघड जागी लोखंडी शिड्या. माथ्यावर देवीचे लहानसे देऊळ, आणि हवा स्वच्छ असेल तर खाली भंडारदऱ्याचे पाणी व समोर अलंग, मदन, कुलंगची रांग. ही कळसू म्हणे कोळ्याची पोर. भांडी घासणार नाही नि केर काढणार नाही, या अटीवर पायथ्याच्या एका घरी कामाला राहिली. एक दिवस घरच्यांनी अट मोडली. तिने सांगितलेले काम निमूट केले आणि जी डोंगरावर निघून गेली, ती कायमची. आपल्यापैकी कितीजणींच्या मनातली गोष्ट आहे ही!

गेल्या हिवाळ्यात आम्ही शाळेतल्या शिक्षिका आणि घरच्या मिळून नऊजणी गेलो. माझी धाकटी जाऊही आली. आता घराघरांतली रीत तुम्हांला ठाऊकच आहे. मुलांना दरवर्षी खेळाचे बूट, पुरुषांना ऑफिसचे, आणि आपल्याला चपला नि लग्नकार्याचे सँडल. तिने मुलाचे लहान झालेले बूट घातले. ‘‘वहिनी, माप माझंच आहे. एका दिवसासाठी नवे कशाला?’’ चढताना सगळे ठीक होते. खरी परीक्षा उतरताना! मातीचा घसारा, त्यावर बारीक खडी. प्रत्येक पावलाला पाय बुटात पुढे सरकतो आणि बोटे टोकावर आदळतात. बारीला पोचेपर्यंत तिच्या दोन्ही अंगठ्यांची नखे काळीनिळी झाली होती. पुढे त्यांतले एक गळून पडले. तिकडच्या बायका साध्या चपलांनी झपझप उतरत होत्या, हे खरे. पण त्यांचे पाय त्या वाटेवर वाढलेले, आपले फरशीवर.

वापरलेल्या बुटाचा तळ पहिल्या माणसाच्या पायाप्रमाणे दबलेला असतो, म्हणून आकडा जुळूनही तो आपला होत नाही. शिवाय पुरुषी बूट बायकांना बहुधा टाचेत सैल पडतो. तेव्हा डोंगरात जायचे तर बूट स्वतःच्या पायाचेच घ्यावेत. ही काही चैन नव्हे.

दुकानात जावे संध्याकाळी. दिवसभर उभे राहून पाय थोडा फुगतो, डोंगरातही तो तसाच फुगणार. जे मोजे तिथे घालायचे, तेच पायात हवेत. पातळ मोज्यांवर घेतलेला बूट जाड मोज्यांत आवळतो. लग्नाआधीच्या मापावर विसंबू नका. बाळंतपणानंतर काहीजणींचा पाय कायमचा किंचित लांबतो. दोन्ही पायही सारखे नसतात. मोठ्या पायाला बसेल तो बूट आपला. नाडी न बांधता पाय पुढे सरकवून उभे राहा, टाचेमागे एक बोट सहज जायला हवे. मग टाच मागे टेकवून नाडी घट्ट बांधा आणि चाला. टाच वर उचलली जाता कामा नये, आणि बोटे आत हलवता आली पाहिजेत. दुकानात उताराची फळी किंवा जिना असेल तर उतरून पाहाच. बोटे टोकाला लागली तर तो बूट तिथेच ठेवून या.

‘‘ताई, वापरलं की सैल होईल,’’ असे विक्रेता सांगतोच. कातड्याचा बूट रुंदीला थोडा सैलावतो. लांबीला वाढत नाही. तळाला खोल खाचा असलेले रबर बघा, गुळगुळीत तळ आपल्या कातळावर घसरतो. आणि पावसाळ्यातल्या शेवाळावर कोणत्याच बुटाचा फार भरवसा धरू नये.

जोडव्यांचे मात्र कुणी सांगत नाही. बंद बुटात ती शेजारच्या बोटाला घासतात, तासाभरात साल निघते. मी निघण्याआधी काढून डबीत ठेवते. सासूबाईंनी एकदा भुवई उंचावली, पण बोटाचे साल पाहिल्यावर ‘‘ठेव बाई डबीत’’ म्हणाल्या. नखेही दोन दिवस आधी आखूड कापावीत. उतरणीच्या आधी थांबून नाड्या घोट्यापाशी पुन्हा आवळल्या की पाय पुढे धावत नाही.

नवा बूट थेट डोंगरावर नेऊ नये, आधी मुरवावा. आपल्याकडे घरात पादत्राणे चालत नाहीत, तेव्हा कपडे वाळत घालायला गच्चीवर जाल तेव्हा घाला. दोन आठवडे रोज अर्धा तास, आणि जिना दोन-चारदा चढून उतरून. शेजारणी हसतात. हसू द्या, त्यांनाही बारीला घेऊन चला.