अंगचा की वेगळा?

चांगला हेडफोन हाती आला की पहिला सल्ला ठरलेला असतो: ‘याला वेगळा अँप्लिफायर घे, नाहीतर पैसे फुकट.’ सल्ला देणारा सहसा मनापासून देतो. पण वेगळा म्हणजे कशापासून वेगळा, आणि कशासाठी, हे विचारलं की गाडी अडखळते. फोनमध्ये, लॅपटॉपमध्ये, ऑडिओ इंटरफेसमध्ये अँप्लिफायर आधीच असतोच. त्याला मी ‘अंगचा’ म्हणते. प्रश्न एवढाच, की अंगचा पुरतो का?

माझ्यापुरता हा प्रश्न चैनीचा नव्हता. आजोबा मूळचे पेडण्याचे. बंदरात नोकरी लागली म्हणून मुरगावात आले आणि येताना भजन घेऊन आले. वास्कोच्या दामोदराचा सप्ताह तुम्हाला ठाऊक असेलच. नाव सप्ताह, पण भजन चोवीस तास अखंड, आणि ही परंपरा शंभराहून अधिक वर्षांची. आजोबांची मंडळी तिथे गायची, एरवी कुणाच्या तरी ओसरीवर. त्या ओसरीवरच्या बैठकींच्या अकरा कॅसेटी आजीच्या कपाटात होत्या. आजोबा गेले, बरोबरचे गाणारेही बहुतेक गेले. त्यांच्या काही चाली आता कुणालाच येत नाहीत. जे आहे ते या अकरा कॅसेटींत. मला त्या संगणकावर उतरवायच्या होत्या आणि चाली लिहून काढायच्या होत्या. झांज, पखवाज आणि पेटी यांच्यामधून शब्द वेचायचे तर कान लावून ऐकणं आलं.

मामा तारवटी. त्याने बोटीवरून येताना सेनहायझरचा एचडी ६५० आणून दिला. शिष्यवृत्तीतले माझ्याकडे बारा हजार शिल्लक होते. ‘आता एवढ्याचा अँप्लिफायर घे,’ असं तीन मित्रांनी सांगितलं. दुसरीकडे कॅसेट डेकचा पट्टा सैल झालेला, आवाज डुलत होता. पैसे एकदाच खर्च होणार होते.

म्हणून आधी हिशेब. हेडफोनच्या कागदावर दोन आकडे बघायचे असतात. पहिला इंपिडन्स, म्हणजे तो विजेला किती अडवतो. एचडी ६५० चा ३०० ओहम. दुसरा सेन्सिटिव्हिटी, म्हणजे दिलेल्या विजेत तो किती मोठ्याने वाजतो. याचा १ व्होल्टला १०३ डेसिबल. ‘३०० ओहम’ ऐकूनच लोक घाबरतात. पण खरं काम दुसरा आकडा करतो. मी सरासरी ७० डेसिबलला ऐकते. झांजेचा ठोका त्याहून २० ने वर गेला असं धरलं तरी ९० झाले. त्यासाठी लागतो साधारण ०.२२ व्होल्ट. शक्तीत मोजलं तर अर्धा मिलिवॅटसुद्धा नाही!

आता अंगचा किती देतो? मैत्रिणीकडून आणलेल्या ऑडिओ इंटरफेसवर मी ५० हर्ट्झचा साधा सूर वाजवला आणि हेडफोनच्या भोकाला मल्टिमीटर लावला. बटण पूर्ण फिरवल्यावर १.६ व्होल्ट. म्हणजे माझ्या हेडफोनवर १०७ डेसिबल. मला हवे ९०. आमच्याकडे याला एकच शब्द आहे: पुरो.

पण आवाज मोठा होणं ही एक गोष्ट आणि तो नीट असणं ही दुसरी. इथे अँप्लिफायरचा स्वतःचा अंतर्गत अडथळा आड येतो. तो हेडफोनच्या इंपिडन्सच्या मानाने जास्त असेल तर काही हेडफोनांचा खालचा सूर फुगतो, काहींचा वरचा दबतो. ढोबळ नियम असा, की अँप्लिफायरचा अडथळा हेडफोनच्या एक-अष्टमांशापेक्षा कमी असावा. हेही घरी मोजता येतं. आवाज कमी ठेवून मोजलं तेव्हा मोकळ्या भोकावर ०.४० व्होल्ट होते. ३३ ओहमचा रेझिस्टर जोडला तर ०.३१ उरले. गुणाकार-भागाकार केला, तर उत्तर सुमारे १० ओहम. ३०० पुढे १० म्हणजे काहीच नाही. मात्र ३२ ओहमचे साधे इयरफोन याच भोकाला लावले तर हा नियम मोडतो. म्हणजे याच इंटरफेसच्या बाबतीत महाग हेडफोन निवांत आणि स्वस्त इयरफोन अडचणीत. सल्ला देणाऱ्यांनी नेमकं उलटं सांगितलं होतं.

त्यांचं तरी काय चुकलं? हा सल्ला एका काळी खरा होता. जुन्या स्टिरिओ अँप्लिफायरांत हेडफोनसाठी निराळी सोय क्वचितच असे. स्पीकरच्याच वाटेवर शेकडो ओहमचा रेझिस्टर घालून भोक काढून दिलेलं असे. तेव्हा ‘अंगचा’ म्हणजे खरोखरच तडजोड होती. काळ बदलला, सल्ला तसाच राहिला.

आजही वेगळा लागतो अशी उदाहरणं आहेत. हायफायमॅनचा एचई-६ घ्या. इंपिडन्स फक्त ५० ओहम, पण सेन्सिटिव्हिटी इतकी कमी, की माझ्या हेडफोनएवढा आवाज काढायला त्याला पंचवीसपटीहून जास्त शक्ती लागते. स्टॅक्सच्या इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोनांना तर ५८० व्होल्टचा बायस लागतो. त्यांना स्वतःचाच अँप्लिफायर हवा, तिथे निवडीचा प्रश्नच नाही. लॅपटॉपच्या भोकातून घरघर किंवा उंदीर कुरतडल्यासारखा आवाज येत असेल, तरीही बाहेरचा डबा उपयोगी पडतो. या तिन्हींपैकी काहीच नसेल, तर पैसे खिशात राहू द्यावेत.

हिशेब कागदावर पटला तरी कानाला विचारायला हवं होतं. एका मित्राने त्याचा वेगळा अँप्लिफायर आठवडाभर दिला. लावताक्षणी वाटलं, वा, काय मोकळा आवाज! पण त्याचं बटण थोडं जास्त फिरलेलं होतं. कानाची ही खोड जुनी आहे: जरासं मोठ्याने वाजलेलं त्याला जास्त चांगलं वाटतं. म्हणून दोन्हीकडचा सूर मल्टिमीटरवर ०.३० व्होल्टला आणला आणि धाकट्या बहिणीला मला न दाखवता अदलाबदल करायला बसवलं. दहा फेऱ्या. मी सहा वेळा बरोबर ओळखलं. ती म्हणाली, ‘बघ, पास!’ मी गणित करून दाखवलं: नुसतं नाणं फेकलं तरी दहापैकी सहा किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता जवळजवळ ३८ टक्के असते. एवढ्यावर बारा हजार लावायचे नाहीत.

मुरगावातल्या माणसाने आणखी एक बाब ध्यानात घ्यावी. आमच्याकडे खारा वारा आणि बंदराची धूळ, दोन्ही कायमची पाहुणी. पिन हिरव्या पडतात, भोकं खरखरतात. वेगळा डबा म्हणजे आणखी दोन केबली, एक अडॅप्टर आणि चार नवे सांधे. प्रत्येक सांधा पावसाळ्यात तुमची परीक्षा घेणार. याच्या उलट बाजूही सांगायला हवी. अंगचा बिघडला तर अख्खं यंत्र दुरुस्तीला जातं. वेगळा बिघडला तर तेवढाच जातो. ज्याचा रोजचा धंदाच ध्वनिमुद्रणाचा आहे, त्याने हे तोलून बघावं.

मग बारा हजारांचं काय केलं? साडेतीन हजार डेकवर गेले. नवा पट्टा, नवा रबरी रोलर, आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने हेडची सफाई. कॅसेटची फीत चार मिलिमीटरसुद्धा रुंद नसते आणि सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटरच्या आसपास वेगाने सरकते. एवढ्याशा जागेत हेड जरा तिरकं असलं, तरी वरचे सूर निम्मेअधिक गळतात. एक बारीक स्क्रू असतो. झांज सर्वांत लख्ख ऐकू येईपर्यंत तो केसभर-केसभर फिरवायचा. जिथे मुळात काही गळून गेलंय, तिथे पुढे कितीही भारी अँप्लिफायर लावा, तो गळलेलंच मोठं करून ऐकवणार. साध्या कॅसेटमध्ये गाणं आणि फितीची सुसकार यांच्यात जेमतेम पन्नास डेसिबलचं अंतर असतं. आजचा कामचलाऊ अंगचा अँप्लिफायरही त्याहून कितीतरी स्वच्छ असतो. साखळीतली कच्ची कडी कानाजवळ नव्हतीच.

स्क्रू जागेवर बसला त्या संध्याकाळी चौथी कॅसेट लावली. दोन अभंगांच्या मधे, जिथे आजवर नुसती खरखर ऐकू यायची, तिथे आजोबा पेटीवाल्याला म्हणाले, ‘काळी एक धर रे बाबा.’ हेडफोन आजीच्या कानावर ठेवला. तिने ते वाक्य तीनदा लावायला सांगितलं. मग म्हणाली, ‘आवाज बसला होता त्यांचा त्या दिवशी. नाहीतर पांढरी तीनच्या खाली ते कधी गायचे नाहीत.’ ती बैठक कोणत्या वर्षीची, हे त्यावरून तिला आठवलं. कॅसेटवर तारीख लिहिलेली नव्हती.

आवाज फार वाढवू नका, हेही मोठ्यांसारखं सांगून ठेवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलला आठवड्याला चाळीस तास ही मर्यादा आहे, आणि आवाज वाढेल तसे तास झपाट्याने कमी होतात. ताकदवान अँप्लिफायर नको तितका आवाजही तितक्याच सहज देतो.

तेव्हा कुणी विचारलंच, तर तीन गोष्टी बघायला सांगा: हेडफोनची सेन्सिटिव्हिटी किती, अंगच्या अँप्लिफायरचा अडथळा किती, आणि जे ऐकायचंय ते मुळात कितपत शाबूत आहे. पहिल्या दोन्हींचं उत्तर ‘पुरो’ आलं, तर सगळे पैसे तिसरीवर लावा. माझ्या सात कॅसेटी अजून उतरवायच्या आहेत. कुणाच्या घरी अशा कॅसेटी असतील तर या पावसाळ्याआधी बाहेर काढा. बुरशी अँप्लिफायरची वाट पाहत नाही. डेक आमच्याकडे आहे, तो आता नीट चालतो.