दिग्रसची टिपणे : सिरॅमिक, दाब, ध्वनी

१९८६. बेडनॉर्झ आणि म्युलर यांना लॅन्थॅनम-बेरियम-तांब्याच्या ऑक्साइडमध्ये ३० केल्विनच्या आसपास अतिसंवाहकता (विद्युतरोध शून्यावर येणं) दिसली. म्युलर यांची त्याआधीची कित्येक वर्षं थंड होणारे पेरोव्हस्काइट स्फटिक आकार कसा बदलतात, हे तपासण्यात गेली होती. हा शोध रचनेच्या अभ्यासकाला लागला, हे ध्यानात ठेवायला हवं.

•

पॉल चू यांनी तोच पदार्थ दाबून पाहिला. अतिसंवाहकतेचं तापमान ४० केल्विनपलीकडे चढलं. मग बाहेरच्या दाबाचं काम आतूनच करून घ्यायचं ठरलं : मोठ्या लॅन्थॅनमच्या जागी लहान इट्रियम. १९८७ साली तापमान ९० केल्विनच्या वर गेलं.

•

या इट्रियमच्या पदार्थाची कृती : इट्रियम ऑक्साइड, बेरियम कार्बोनेट, कॉपर ऑक्साइड. खलात घोटायचं, दाबून वडी करायची, ९०० अंश सेल्सिअसच्या वर भाजायचं, काळी पेलेट मिळते. भट्टीत स्फटिकाचा पाया चौरस असतो. ऑक्सिजनमध्ये सावकाश निववली की ऑक्सिजन आत शिरून एका दिशेनं रांगा धरतो आणि चौरसाचा आयत होतो : बाजू ३.८२ आणि ३.८९ अँगस्ट्रॉम. घाई केली तर ऑक्सिजन कमी पडतो. फारच कमी पडला तर पेलेट विसंवाहकच राहते.

•

आयत होताना ताण येतो. तो सोसायला शेजारचे पट्टे आडवे-उभे वळतात. स्फटिकात जुळी तयार होतात. पदार्थाचा ताठरपणा मोजताना ही जुळी विसरून चालत नाही.

•

घनता गुणिले ध्वनिवेगाचा वर्ग म्हणजे ताठरपणा. अतिसंवाहक होताना त्यात पडणारा फरक दहा हजारांत एखादा भाग, किंवा त्याहून कमी. पेलेटमधली छिद्रं त्याच्या कितीतरी पट ताठरपणा घटवतात. म्हणून पेलेटची घनता न देता छापलेला आकडा मला अपुरा वाटतो. आदर्श घनता घन सेंटिमीटरला सुमारे ६.४ ग्रॅम.

•

२०१३ साली याच पदार्थाच्या स्फटिकांचे ध्वनिकंप मोजून स्यूडोगॅपची (इलेक्ट्रॉनांच्या काही ऊर्जापातळ्या विरळ होण्याच्या अवस्थेची) सुरुवात हेही अवस्थांतरच असल्याचा पुरावा मांडला गेला. विद्युतरोधातून जे स्पष्ट होत नव्हतं, ते ताठरपणानं दाखवलं.

•

हा पदार्थ उणे १८१ अंश सेल्सिअसला अतिसंवाहक होतो. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गोठित रेतमात्रा उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्येच ठेवतात, म्हणजे पुरेसा थंडावा जवळच आहे. द्रवातला ध्वनिवेग मोजणारा इंटरफेरोमीटर बी.एस्सी.च्या मुलांच्या ओळखीचा आहे, म्हणजे ध्वनिवेग मोजणंही नवं नाही. दिग्रससारख्या गावातल्या विद्यार्थ्यानं पेलेट स्वतः भाजावी, तिची घनता काढावी, रोध शून्यावर येताना पाहावा. अवस्थांतर हा धडा पाठ करण्याचा नाही, मोजण्याचा आहे.