टोरांटो की विनिपेग?

कॅनडात पाऊल ठेवलेल्या कुटुंबापुढे पहिला प्रश्न उभा राहतो, तो बिऱ्हाड कुठे थाटायचे हा. टोरांटोत मराठी मंडळ आहे, गणपती आहे, बाजारात कोथिंबीरही मिळते. पण पगाराचा मोठा वाटा घरभाड्यातच जातो. रेड आणि असिनिबोइन नद्यांच्या संगमावरचे विनिपेग त्या मानाने स्वस्त. मात्र जानेवारीच्या रात्री तिथे पारा उणे २० अंशांपर्यंत उतरतो. सकाळी मोटार सुरू व्हावी म्हणून तिला रात्रभर विजेच्या प्लगला जोडून ठेवावे लागते! नद्या गोठल्या, की लहानथोर त्यांवर स्केटिंग करतात. म्हणूनच उन्हाळ्यातले रूप पाहून निर्णय घेऊ नये. एक हिवाळा भाड्याच्या घरात काढावा. घरातली सारी रमली, तरच घर विकत घ्यावे.