भाऊंची जीप

आंबागड हे तुमसर तालुक्यातील, सातपुड्याच्या कुशीतले गाव. येथील गड सुमारे १७०० साली देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याचा अधिकारी राजा खान पठाण याने बांधला. गड पाहण्यास येणारे येतात आणि परत जातात. आमचे मात्र या गावी वारंवार जाणे झाले ते एका जुन्या जीपगाडीसाठी. धर्मगुरूच्या लेखणीला जीपगाडीचे काय कौतुक, असे काही वाचकांस वाटेल. मिशनकेंद्रांतील जुने दिवस ज्यांनी पाहिले आहेत त्यांना तसे वाटणार नाही. पावसाळ्यात आडगावच्या आजाऱ्याकडे जायचे तर एके काळी दोनच साधने होती, आपले पाय आणि जीप.

जीप जन्मली युद्धासाठी. दुसऱ्या महायुद्धात विलीस आणि फोर्ड या दोन अमेरिकन कारखान्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या तयार केल्या. युद्ध संपताच, १९४५ साली, विलीसने तीच गाडी शेतकऱ्यांसाठी थोडी बदलून बाजारात आणली. आपल्याकडे १९४५ मध्ये ‘महिंद्र अँड मोहम्मद’ या नावाने एक कंपनी निघाली होती. फाळणीनंतर त्यांतील गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले व तेथील पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ असे झाले. पुढल्याच वर्षी मुंबईत माझगाव येथे विलीसचे सुटे भाग जोडून जीपगाड्या तयार होऊ लागल्या. विलीसने १९५३ साली ‘सीजे-३बी’ नावाची उंच बॉनेटची जीप काढली. तिचे इंजिन वेगळ्या रचनेचे होते. पेट्रोलचे मिश्रण आत घेणाऱ्या झडपा वर हेडमध्ये आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा खाली ब्लॉकमध्ये. त्यामुळे इंजिनाची उंची वाढली आणि तिच्यासाठी बॉनेटही उंच करावे लागले. दिसण्यात ती गाडी काही सुंदर नव्हे. अमेरिकेत ती १९६८ मध्ये बंद झाली. आपल्या देशात मात्र त्यानंतरही पुष्कळ वर्षे बनत राहिली आणि वन, महसूल, पाटबंधारे, पोलीस अशा खात्यांतून खेडोपाडी पोहोचली.

भाऊंची जीप याच जातीची, १९६९ सालची. भाऊ हे त्यांचे नाव नव्हे. सारे गाव त्यांना भाऊ म्हणते, म्हणून आम्हीही म्हणतो. एका सरकारी खात्यात ते चालक होते आणि १९७६ पासून बावीस वर्षे त्यांनी हीच जीप चालविली. १९९८ मध्ये खात्याने तिचे निर्लेखन करून ती लिलावात काढली. भाऊंनी रीतसर बोली लावली आणि भंगाराच्या भावात ती विकत घेतली. इंजिन जाम झालेले होते. ट्रॅक्टरला दोर बांधून ती घरी आणली आणि अंगणातील मोहाच्या झाडाखाली उभी केली. निवृत्तीला आणखी सहा वर्षे होती. तोवर पाने, पाऊस आणि कोंबड्या यांनी तिचा ताबा घेतला.

आज असा व्यवहार होऊ शकला नसता. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील सरकारी वाहनांची नोंदणी रद्द करून ती अधिकृत भंगार केंद्रात मोडीत काढण्याचा नियम झाला आहे. धूर ओकणाऱ्या गाड्या रस्त्यावरून जाव्यात, याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु बावीस वर्षांच्या सोबतीची गाडी चालकाने विकत घ्यावी, ही वाट त्यामुळे बंद झाली, हेही खरे.

आम्ही २००९ साली या भागात आलो तेव्हा कामास चार वर्षे झाली होती, आणि जीपचा सांगाडा विटांवर उभा होता. भाऊ पत्र्याचे काम करीत होते. जीपच्या तळाच्या पत्र्याखाली ज्या आडव्या पट्ट्या असतात त्यांत पाणी आणि चिखल साचून राहतो, आणि पत्रा खालून कुजत जातो. वरून रंग शाबूत दिसतो. पाय ठेवला की भोक पडते. भाऊ कुजका भाग छिन्नीने कापून काढीत, त्या जागी वर्तमानपत्र ठेवून नमुना बेतीत, त्यावरून नवा पत्रा कापीत. डागण्याचे काम तुमसरचा एक वेल्डर येऊन करी. पातळ पत्र्यावर सलग वेल्डिंग केले तर तो उष्णतेने पापडासारखा वाकतो. म्हणून एक टाका इकडे, एक टाका तिकडे, मग थंड होईपर्यंत चहा. एवढ्याशा कामात दोन हिवाळे गेले.

पेट्रोलची टाकी या जीपमध्ये चालकाच्या आसनाखालीच असते. ही रचना आम्हास आजही पसंत नाही. टाकी रिकामी असली तरी आतली वाफ पेट घेऊ शकते. म्हणून वेल्डर येण्यापूर्वी भाऊ ती उतरवून घराच्या मागे नेऊन ठेवीत. आतील गंज काढण्यासाठी त्यांनी तीत नदीची बारीक खडी आणि पाणी घातले, आणि आम्ही दोघांनी ती टाकी पाळण्यासारखी एक अख्खी दुपार हालविली. पाणी लाल निघे, मग तांबूस, मग मातकट. सायंकाळी भाऊंनी टॉर्चने आत पाहिले आणि ‘उद्या पुन्हा’ एवढेच म्हणाले. त्या टॉर्चच्या सेलमधील मँगनीज कदाचित याच तालुक्यातल्या डोंगरी बुजुर्ग खाणीचे असेल. तेथील धातुक सेल बनविणाऱ्या कारखान्यांना जाते.

इंजिनाची कथा याहून लांब. स्पार्क प्लगच्या भोकांतून रॉकेल आणि ऑइल यांचे मिश्रण ओतायचे, दररोज सकाळी पुढून हँडल लावून थोडा जोर द्यायचा. जोर थोडाच, अधिक दिला तर आतले काहीतरी मोडते. इंजिन चाळिसाव्या दिवशी हलले, आणि आम्ही त्याला उपवासकाळाचे इंजिन म्हणू लागलो. भाऊ हसत, पण त्यांना आमचा विनोद कितपत कळला कोण जाणे. सिलिंडर बोअर करून पिस्टन एक माप मोठे घालावे लागले. ते काम ज्या कारखान्यात दिले त्याने बोअर तिरके केले, आणि सारे पुन्हा दुसरीकडून करून घ्यावे लागले. यात एक वर्ष आणि भाऊंच्या निवृत्तिवेतनाचा मोठा भाग गेला. सुटे भाग कधी नागपूरच्या भंगार दुकानांतून आले, कधी हरियाणातील मंडी डबवालीहून. जुन्या जीपगाड्या नव्या थाटात बांधण्यासाठी ते गाव देशभर प्रसिद्ध आहे. मुंबईच्या चोरबाजारातून एक कार्ब्युरेटर आम्हीच आणला. रेल्वेत आमच्या पिशवीत तो प्रार्थनापुस्तकाशेजारी होता, आणि त्या पुस्तकाला पेट्रोलचा वास अजून येतो.

मध्ये आमची बदली झाली. सुटीत येऊन आम्ही पाहून जात असू. कधी वर्षभरात काहीच पुढे सरकलेले नसे, कारण त्या वर्षी धान बुडालेले असे किंवा मुलीचे लग्न झालेले असे.

रंग खरवडण्याच्या वेळी आम्ही तेथे होतो. वर उडालेला पांढरा, त्याखाली राखाडी, त्याखाली गर्द हिरवा आणि सर्वांत खाली तांबडा अस्तराचा थर. भाऊंचा मुलगा पुण्यास नोकरी करतो. तो म्हणाला, हिरवा रंग मूळचा, तोच द्यावा. कायद्याने म्हणा किंवा जाणकारांच्या मते म्हणा, त्याचे बरोबर होते. भाऊंनी राखाडी निवडला. १९७६ मध्ये त्यांच्या हाती किल्ली आली तेव्हा जीप राखाडी होती. हिरवी जीप त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. जुनी वस्तू पूर्ववत करावी असे आपण सहज म्हणतो. पण तिच्या आयुष्यातला कोणता दिवस ‘पूर्व’ धरायचा, हे कोणाला तरी ठरवावे लागते, आणि भाऊंनी ते क्षणात ठरविले. अहमदाबादजवळ दास्तान येथे प्राणलाल भोगीलाल यांनी जमविलेला जुन्या मोटारींचा विख्यात संग्रह आहे. तेथे गाडी कारखान्यातून निघाली त्या दिवसाशी इमान राखणे योग्यच. ती इतिहासाची जपणूक आहे. भाऊंचे इमान वेगळ्या ठिकाणी होते.

ते कोठे, हे आम्हास पुष्कळ उशिरा कळले. बावीस वर्षांत भाऊंनी आपल्या पत्नीला त्या जीपमध्ये एकदाही बसविले नव्हते. गाडी सरकारची. साहेबांची मंडळी बसत, पाहुणे बसत, एकदा साहेबांच्या शेळीचे करडूही बसले होते. वहिनी तुमसरच्या बाजाराला बसने किंवा पायी जात, आणि जीप कधी कधी त्यांच्या शेजारून धूळ उडवीत पुढे निघून जाई. ‘मी हात करू का ठेवू, असं व्हाचं,’ असे वहिनी आम्हास एकदा भाकरी थापता थापता म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, पण विसरही नव्हता. लिलावात ती जीप भाऊंनी का घेतली, हा प्रश्न आम्ही त्यानंतर कोणास विचारला नाही.

जीप सुरू झाली तोवर वहिनींचे गुडघे गेले होते. या गाडीचा तळ उंच असतो, दार नसते, कडेच्या पत्र्यावरून पाय उचलून आत टाकावा लागतो. तरुण माणूस उडी मारून बसतो. सत्तरीच्या बाईला ते अशक्य. भाऊंनी एका मोडक्या लोखंडी खाटेच्या अँगलमधून घडीची पायरी बनविली. साखळी सोडली की ती खाली येते, वर ओढली की तळाला चिकटते. सांगण्यास सोपे, परंतु पहिली पायरी फार पुढे आली व खड्ड्यात घासली, दुसरी भार पडताच वाकली, तिसरी टिकली. चढताना धरण्यासाठी जुन्या हातपंपाचा पाइप वाकवून उभा दांडा लावला. डाव्या आसनाची गादी चार बोटे खाली घेतली आणि पट्टा बसविला. ब्रेकही बदलले. मूळ रचनेत चारही चाकांचे ब्रेक एकाच नळीजाळ्यावर असतात, कोठेही गळती झाली की सारेच जातात. भाऊंनी नंतरच्या पिढीतील जीपचा दुहेरी मास्टर सिलिंडर बसवून पुढचे व मागचे ब्रेक वेगळे केले. आमच्या मते त्यांच्या साऱ्या कामांत हे सर्वांत शहाणपणाचे.

फेब्रुवारी २०१९ मध्ये भंडाऱ्याहून पासिंग होऊन आल्यावर वहिनी प्रथम जीपमध्ये बसल्या. गायमुखापर्यंत गेल्या आणि आल्या. आम्ही मागे बसलो होतो. संपूर्ण वाटेत त्या फारसे बोलल्या नाहीत. उतरल्यावर पेट्रोलच्या वासाने डोके दुखते म्हणाल्या आणि घरात गेल्या. भाऊंनी दुसऱ्याच दिवशी टाकीच्या झाकणाचे रबर बदलले.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी नवे नियम केले. मूळ रूपात राहिलेल्या, सांगाड्यात, बॉडीत वा इंजिनात फेरफार न झालेल्या गाडीस ‘विंटेज’ म्हणून दहा वर्षांची नोंदणी मिळते. पहिल्या नोंदणीस वीस हजार रुपये, नूतनीकरणास पाच हजार, आणि पाटीवर ‘व्हीए’ अक्षरे. मात्र ती गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. प्रदर्शन, मिरवणूक, दुरुस्ती, पेट्रोल एवढ्यापुरतीच रस्त्यावर. त्याच सुमारास मुलाच्या ओळखीचा एक हौशी संग्राहक येऊन जीप पाहून गेला. इंजिन मूळचे आहे, याचे त्याला नवल वाटले. आपल्या भागात बहुतेकांनी स्वस्त डिझेलच्या काळात पेट्रोलचे इंजिन काढून टाकले होते. त्याने देऊ केलेली रक्कम एवढी होती की घराचे छप्पर नवे झाले असते. अट एकच: पायरी, दांडा, गादी, ब्रेक, रंग, सारे मूळच्यासारखे करून द्यावे.

मुलगा विकण्याच्या बाजूचा होता, आणि त्याचे चुकत होते असे आम्ही म्हणणार नाही. छप्पर खरोखरच गळत होते. आई-वडिलांच्या औषधांचा खर्च तोच पाठवीत असे. वडिलांनी चौदा वर्षे ज्या लोखंडात पैसे घातले ते कधीतरी घराच्या उपयोगी पडावे, ही इच्छा स्वार्थाची नव्हती. त्याने आम्हास मध्यस्थी करण्यास सांगितले. आम्ही भाऊंपुढे दोन्ही बाजू मांडल्या. भाऊंनी हातातील चिंधी घडी केली आणि म्हणाले, ‘फादर, कागदावर जुनी रायली अन् घरात उभी रायली, तं कोनाच्या कामाची?’ मग त्यांनी आम्हास स्टिअरिंगचे किंगपिन दाखविले, आणि तो विषय संपला. मुलगा दोन वर्षे थोडा अबोल होता. मागील दिवाळीत तो आला तेव्हा वहिनींना बाजारात त्यानेच नेले. पायरीची साखळी त्याने सोडली, त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

अडचणी संपलेल्या नाहीत. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असते, आणि ते जुन्या पंपाच्या पडद्याला व रबरी नळ्यांना खाते. शिवाय पाणी ओढून घेते, म्हणून टाकीत पुन्हा गंज धरू लागला आहे. नव्या प्रकारच्या रबराचा पडदा नागपूरहून मागविला आहे. पंधरा वर्षांवरील खाजगी मोटारीच्या नोंदणीचे नूतनीकरण २०२२ मध्ये सहाशेचे पाच हजार झाले होते. किंगपिनच्या बेअरिंगमध्ये ढिलाई असल्याने चाळिसाच्या वर वेग गेला की पुढची चाके थरथरतात. भाऊ चाळिसाच्या वर जात नाहीत. वहिनी म्हणतात, तीसही पुष्कळ. यंदा पावसापूर्वी कॅनव्हासचे छत शिवून घ्यायचे ठरले आहे. कापड आले आहे, शिंपी अजून मिळायचा आहे.