दुसऱ्या मजल्यावरची कुर्डुवाडी

जेऊरच्या आमच्या घरात एक खोली रिकामी आहे. दहा बाय बारा. रिकामी म्हणजे ज्वारीच्या दोन कोठ्या, पाहुण्यांच्या गाद्या आणि छताला एक लोखंडी कडी. कडी पाळण्याची. आईच्या हिशेबाने ही खोली माझ्या पहिल्या बाळंतपणासाठी राखीव आहे. मी 28 वर्षांची, पुण्यात फ्रीलान्स, लग्नाचा पत्ता नाही. पण रिझर्व्हेशन कन्फर्म!

गेल्या दिवाळीत मी आणि बाबांनी या खोलीवर डल्ला मारायचं ठरवलं. मॉडेल रेल्वे. तीसुद्धा दुमजली.

झालं असं, की रेल्वेतून रिटायर झाल्यावर बाबांचे गुडघे गेले आणि बोलणंही आटलं. फोनवर ‘जेवलीस का?’च्या पुढे गाडी सरकेना. एकदा ते पुण्याला आले, तेव्हा त्यांना कोथरूडच्या जोशी मिनिएचर रेल्वे म्युझियममध्ये नेलं. भाऊ जोशींनी 1998 साली सुरू केलेलं ते इटुकल्या गाड्यांचं शहर. बाबा तासभर जागचे हलले नाहीत. परतताना रिक्षात म्हणाले, ‘‘आपल्याकडे होईल का गं असं?’’

मग काय, ग्राफ पेपर आणि पट्टी! एचओ स्केल म्हणजे खऱ्याच्या 87 पट लहान. एक किलोमीटर होतो साडेअकरा मीटर. म्हणजे आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत जेऊर स्टेशन सुरू व्हायच्या आतच संपतं. एक डबाच 27 सेंटीमीटरचा. वीस डब्यांची गाडी केली, तर इंजिन समोरच्या भिंतीतून शेजाऱ्यांकडे. आम्ही सहा डब्यांवर तडजोड केली. बाबांना ते अजून पटलेलं नाही.

जागा पुरत नाही म्हणून मजला चढवायचा. खाली जेऊर, वर कुर्डुवाडी. ‘‘कुर्डुवाडी काय घाटावर आहे का?’’ बाबांचा प्रश्न रास्त होता. पण मला कुर्डुवाडी हवीच होती, तिथून निघणाऱ्या बार्शी लाइट रेल्वेसाठी. 1897 ची, अडीच फुटी रुळांवरची ती नॅरोगेज आता ब्रॉडगेजच्या पोटात गेली. गंमत म्हणजे एन स्केलचे 9 मिलिमीटरचे रूळ या मापात तिला जवळजवळ बरोबर बसतात.

वर जायला हेलिक्स लागतो, स्प्रिंगसारखा गोल गोल चढणारा रूळ. आई त्याला जिलबी म्हणते. 60 सेंटीमीटर त्रिज्या, 40 ला एक चढ. एका वेढ्यात गाडी साडेनऊ सेंटीमीटर चढते, चार वेढ्यांत 38. पंधरा मीटर रूळ नुसता जिलबीत! खंडाळ्याच्या घाटात चढ 37 ला एक आहे, तिथे मागून इंजिनं ढकलतात. आमच्याकडे ढकलायला बोट आहे.

खरं भांडण वेगळंच होतं. मला आजचं जेऊर हवं होतं, दुहेरी मार्ग आणि वर विजेच्या तारा. बाबांना सिंगल लाइन. ‘‘गोळा घेतल्याशिवाय गाडी सोडायची नाही,’’ म्हणजे टोकनचा गोळा. एका वेळी त्या टप्प्यात एकच गाडी, हे पक्कं करणारा. तो ड्रायव्हरच्या हाती कसा द्यायचा, हे बाबा रात्री अकरा वाजता अंगणात उभं राहून करून दाखवत होते. इतकं सलग बोलताना मी त्यांना कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. सिंगल लाइन ठरली.

माझ्या पहिल्या नकाशात जिलबी नेमकी कडीच्या खाली आली होती. आई नकाशाकडे बघून काहीच बोलली नाही. रात्री भांडी मात्र जोरात वाजली.

दुसऱ्या दिवशी मी खोडरबर घेतलं. जिलबी कोपऱ्यात नेली. रूळ तीन भिंतींवर, दीड फुटी फळ्यांवर. दाराची भिंत सोडली, नाहीतर रुळाखालून वाकून आत शिरावं लागलं असतं आणि बाबांना ते जमणारं नव्हतं. खालचा मजला जमिनीपासून एक मीटरवर. खोलीचा मधला भाग मोकळा, कडी जागच्या जागी.

आई आत आली. फळीखाली कॉट जाईल का, ते तिने हाताने मापून पाहिलं. जात होती.

‘‘या गाडीचा आवाज किती होतो?’’ तिने विचारलं. ‘‘नाही म्हणजे, बाळ उठेल.’’

बाहेरून मालगाडी धडधडत निघाली होती. ती जाईपर्यंत कोणालाच काही ऐकू येईना.